डीनला भेटायला कसली भीती?

आपल्याकडे ‘डीन’ म्हटले की मेडिकल कॉलेजचे अधिष्ठाता डोळ्यांपुढे येतात. बंद केबिन, बाहेर शिपाई! वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउन विद्यापीठातील स्कूल ऑफ फॉरेन सर्व्हिसमध्ये चित्र निराळे आहे. अमेरिकेची आजची परराष्ट्र सेवा १९२४ ची, तर ही संस्था १९१९ ची. येथे पदवीच्या विद्यार्थ्यांना विषयांच्या निवडीपासून परदेशातील सत्रापर्यंत सल्ला देणारे डीन असतात.

विचारण्यासारखे पुष्कळ असते. अर्थशास्त्र जड जाते, परकीय भाषेतील प्रावीण्याची धास्ती असते. भारतातून गेलेल्या मुलांपुढे आणखी एक संकट असते. एफ-१ व्हिसावरील पदवीच्या विद्यार्थ्याला सत्राला साधारणपणे किमान १२ क्रेडिट घ्यावेच लागतात. घाबरून एखादा विषय परस्पर सोडला आणि आकडा ९ वर आला, तर त्या देशातले राहणेच धोक्यात येते. तिथे एकट्या डीनची सही पुरत नाही. आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याची मंजुरी आधी घ्यावी लागते. म्हणून विषय सोडण्यापूर्वी दोन्ही दारे ठोठावलेली बरी.

आणि घरच्यांचे काय? ‘आमच्या मुलीचे मार्क सांगा,’ असा फोन नागपूरहून गेला, तर डीन बहुधा नम्रपणे नकार देतील. १९७४ च्या कायद्याने कॉलेजातल्या मुलांच्या गुणांवर हक्क मुलांचाच असतो. लाखोंची फी भरणाऱ्या वडिलांना हे झोंबते, साहजिकच आहे. पण मुलीने लेखी संमती दिली, तर सहसा पुढचे बोलणे होऊ शकते.