साठवणीचं शास्त्र

२०२५ चं रसायनशास्त्राचं नोबेल तिघांना मिळालं. त्यातले ओमर याघी जॉर्डनमधल्या अम्मानचे, पॅलेस्टिनी निर्वासितांच्या घरातले. एका खोलीत सगळं कुटुंब, गुरंही तिथंच. नळाला कित्येक दिवसांनी थोडा वेळ पाणी यायचं, ते भरून ठेवायचं काम या मुलाकडे. जव्हार तालुक्यातल्या वावरला बचत गटात हे सांगितलं, तर एक आजी म्हणाल्या, "पाणी भरून बक्षीस मिळतं होय?"

बक्षीस मिळालं ते साठवणीच्या नव्या रीतीसाठी. जव्हार-मोखाड्यात पावसाळ्यात आभाळ फाटतं आणि एप्रिलमध्ये बायका विहिरीच्या तळाशी वाट्यांनी पाणी गोळा करतात. पाऊस भरपूर, पण उतारावरून निघून जातो. हायड्रोजनचं दुखणं तेच. जळला की धूर नाही, नुसतं पाणी होतं. किलोमागे उष्णता पेट्रोलच्या जवळजवळ तिप्पट. पण हलका इतका, की साध्या दाबाला एका किलोला अकरा-बारा हजार लिटर जागा हवी! म्हणून गाडीच्या टाकीत तो हवेच्या ७०० पट दाबानं कोंबतात, नाहीतर उणे २५३ अंशांपर्यंत गार करून त्याचा द्रव करतात. दोन्ही महागडं.

याघींनी धातूच्या अणूंचे खांब आणि कार्बनी रेणूंचे वासे जोडून मांडवासारखा सांगाडा उभा केला. आत सगळ्या पोकळ्या. १९९९ मधल्या 'एमओएफ-५' या पदार्थाच्या दोन-तीन ग्रॅममधल्या भिंती उलगडल्या तर फुटबॉलचं मैदान झाकलं जाईल. त्या भिंतींना हायड्रोजन चिकटून राहतो, हे २००३ मध्ये दिसलं. मात्र चांगला चिकटायला उणे १९६ अंशांची थंडी लागते, शिवाय हा सांगाडा दमट हवेत पापडासारखा सादळतो.

इथे आपलं पुणं येतं. याघींकडे काम करून आलेले राहुल बॅनर्जी तेव्हा राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत होते. त्यांच्या गटानं २०१२ मध्ये धातूशिवायचे, निव्वळ सेंद्रिय सांगाडे केले. ते उकळत्या पाण्यात, आम्लातही टिकले. आपल्या हवेत टिकणारी वस्तू म्हणजे काय, हे कोकणातल्या बाईला वेगळं सांगायला नको.

म्हणून वावरच्या चुलीचा धूर लगेच थांबेल, असं मी म्हणणार नाही. तिथं सिलिंडर संपला की पुढचा आणायला पैसे नसतात आणि पुन्हा मोळी डोक्यावर येते.

अशाच पोकळ्यांत याघींनी हवेतली वाफही धरली. अमेरिकेच्या वाळवंटात २०१९ च्या सुमारास एक किलो पावडरीतून दिवसाला पाऊण लिटरच्या आसपास पाणी निघालं. म्हणजे पंधरा लिटरच्या एका हंड्याला वीसेक किलो पावडर! मी हिशेब मांडल्यावर आजींनी पदरानं तोंड पुसलं आणि वनराई बंधाऱ्याचा विषय काढला. ओढ्यात मातीनं भरलेल्या गोण्या रचायच्या, बस्स.

घराचं काम निघालं तर सिमेंटच्या रिकाम्या गोण्या टाकू नका हं. पाऊस संपला की, ओढा वाहता आहे तोवर, आम्हाला लागतात.