सेल बदलल्यानंतर मोटारीचा रिमोट बंद? नवी किल्ली घेण्यापूर्वी हे जाणून घ्या

नवी दिल्ली : मोटारीच्या रिमोट किल्लीतील सेल संपतो, घरच्या घरी नवा सेल बसवला जातो आणि तरीही दरवाजे उघडत नाहीत. किल्लीची ‘मेमरी’ पुसली गेली असावी, असा समज करून घेऊन अनेक वाहनधारक पुनर्प्रोग्रॅमिंगसाठी, तर कधी थेट नव्या किल्लीसाठी काही हजार रुपये मोजण्यास तयार होतात. प्रत्यक्षात सेल काढल्याने बहुतांश आधुनिक किल्ल्यांची नोंद पुसली जात नाही. दोष बहुधा नव्या सेलमध्ये, तो बसवण्याच्या पद्धतीत किंवा किल्ली आणि मोटार यांच्यातील तात्पुरत्या विसंवादात असतो.

एका किल्लीत दोन यंत्रणा

रिमोट किल्लीत परस्परांपासून स्वतंत्र अशा दोन यंत्रणा असतात. पहिली दरवाजे उघडण्या-लावण्याची. बटण दाबताच ती रेडिओ संदेश पाठवते. भारत आणि युरोपातील मोटारींमध्ये त्यासाठी प्रामुख्याने ४३३.९२ मेगाहर्ट्झ ही कंप्रता वापरली जाते. या यंत्रणेला सेलची गरज असते.

दुसरी यंत्रणा चोरीला प्रतिबंध करणाऱ्या इमोबिलायझरची. त्यासाठी किल्लीत एक लहानशी चिप असते. किल्ली लावण्याच्या जागेभोवतीचे वेटोळे साधारण १२५ किलोहर्ट्झचे चुंबकीय क्षेत्र निर्माण करते आणि चिप त्यातूनच वीज मिळवून आपली ओळख कळवते. ती ओळख पटली, तरच इंजिन सुरू होऊ दिले जाते. युरोपीय महासंघात १९९८ पासून नव्या प्रवासी मोटारींना इमोबिलायझर सक्तीचा आहे.

त्यामुळे सेल पूर्णपणे संपला तरी इमोबिलायझरची चिप असलेली मोटार सहसा सुरू करता येते. बटणाने सुरू होणाऱ्या मोटारीत किल्ली स्टार्ट बटणाला टेकवून किंवा माहितीपुस्तिकेत दाखवलेल्या जागी ठेवून इंजिन सुरू होते. दरवाजा उघडण्यासाठी अशा किल्लीच्या आत बहुधा धातूची साधी किल्ली दडवलेली असते.

जुळणी कशी बिघडते?

रिमोट दर वेळी एकच संकेत पाठवत राहिला, तर तो टिपून घेऊन कोणीही मोटार उघडू शकेल. म्हणून प्रत्येक वेळी बदलणारा संकेत, म्हणजेच ‘रोलिंग कोड’, वापरला जातो. किल्ली आणि मोटार दोघीही एक क्रमांक जपून ठेवतात. बटण दाबले की किल्लीतील क्रमांक पुढे सरकतो आणि संदेश पोहोचला की मोटारही त्याच्याबरोबर पुढे जाते.

लहान मुलाने घरात बसून बटण वारंवार दाबले, तर किल्ली पुढे जाते आणि मोटार मागे राहते. ही शक्यता रचनेतच गृहीत धरलेली असते. दक्षिण आफ्रिकेत १९८०च्या दशकात विकसित झालेली आणि १९९५ मध्ये अमेरिकेच्या मायक्रोचिप कंपनीने घेतलेली ‘कीलॉक’ ही पद्धत याचे परिचित उदाहरण आहे. तिच्या प्रचलित रचनेत किल्ली १६ क्रमांकांपर्यंत पुढे गेली असेल, तर संदेश लगेच स्वीकारला जातो. अंतर त्याहून अधिक असल्यास लागोपाठचे दोन संदेश मिळाल्यावर पुन्हा जुळणी होते. हा क्रमांक विजेशिवायही टिकणाऱ्या स्मृतीत साठवला जातो. त्यामुळे सेल काढल्याने तो नष्ट होत नाही. काही जुन्या रचनांच्या किल्ल्या मात्र दीर्घकाळ सेलविना राहिल्यास पुन्हा जुळवाव्या लागतात.

आधी हे तपासावे

सर्वप्रथम दुसरी किल्ली वापरून पाहावी. ती चालली, तर दोष पहिल्या किल्लीत आहे. दोन्ही चालत नसतील, तर मोटारीची मुख्य बॅटरी उतरली आहे का, हे पाहावे.

त्यानंतर सेलचा क्रमांक पडताळावा. ‘सीआर २०३२’ म्हणजे २० मिलिमीटर व्यासाचा आणि ३.२ मिलिमीटर जाडीचा ३ व्होल्टचा सेल. ‘सीआर २०२५’चा व्यास तेवढाच, पण जाडी २.५ मिलिमीटर असते. तो २०३२च्या जागी बसल्यासारखा दिसला, तरी धातूच्या पट्टीला नीट टेकत नाही. धन बाजू योग्य दिशेला आहे का, पट्टी वाकली किंवा गंजली आहे का, हेही पाहावे. मुलांनी गिळू नये म्हणून काही सेलवर कडू लेप दिलेला असतो. पट्टी नेमकी त्या लेपावर टेकल्यास वीज पोहोचण्यात अडथळा येऊ शकतो.

किल्ली उघडताना सर्वाधिक जपावे लागते ते इमोबिलायझरच्या चिपला. काही किल्ल्यांमध्ये ती सर्किटपासून वेगळी, आवरणातील एका खाचेत बसवलेली असते आणि नकळत खाली पडते. मग रिमोटने दरवाजे उघडतात, पण इंजिन सुरू होत नाही. म्हणून किल्ली नेहमी टेबलावर कापड पसरून उघडावी.

हे सारे ठीक असल्यास जुळणीचा प्रयत्न करावा. स्कोडाच्या अनेक मॉडेलांच्या माहितीपुस्तिकेत सेल बदलल्यानंतर रिमोटचे कोणतेही बटण दाबून एका मिनिटाच्या आत धातूच्या किल्लीने दरवाजा उघडण्यास सांगितले आहे. इतर काही मोटारींमध्ये किल्ली ‘ऑन’ स्थितीत ठेवून बटण काही सेकंद दाबून धरावे लागते. प्रत्येक मॉडेलची पद्धत वेगळी असल्याने आपल्याच मोटारीची पुस्तिका पाहणे श्रेयस्कर ठरते.

पुनर्प्रोग्रॅमिंग केव्हा?

नवी किल्ली घेतली असेल, जुनीचे सर्किट बदलले असेल किंवा जुळणीचे सर्व उपाय फसले असतील, तेव्हाच पुनर्प्रोग्रॅमिंगची गरज भासते. हे काम निदान यंत्र जोडून केले जाते. अनेक मोटारींमध्ये या वेळी सर्व किल्ल्यांची नोंदणी नव्याने होते आणि हजर नसलेली किल्ली बाद ठरते. म्हणून सेवा केंद्रात जाताना घरातील सर्व किल्ल्या, नोंदणी प्रमाणपत्र आणि ओळखपत्र सोबत न्यावे.

अनोळखी व्यक्तीकडून हे काम करून घेण्यात धोका आहे. मोटारीच्या स्मृतीत आणखी एखादी किल्ली गुपचूप नोंदवली जाऊ शकते. काम संपल्यावर किती किल्ल्या नोंदवलेल्या आहेत, हे अनेक मोटारींमध्ये यंत्रावर पाहता येते. वाहनधारकाने ते दाखवण्याचा आग्रह धरावा. बंद पडलेली मूळ किल्लीही फेकू नये. वाहन चोरीला गेल्यास विमा कंपन्या सामान्यतः सर्व मूळ किल्ल्या मागतात.

जुन्या सेलचे काय?

वापरलेल्या सेलमध्येही इजा करण्याइतकी वीज शिल्लक असते. मुलाने तो गिळला आणि अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांत गंभीर भाजल्यासारखी जखम होऊ शकते. अशा वेळी उलटी करवण्याचा प्रयत्न न करता मुलाला तातडीने रुग्णालयात न्यावे. काढलेल्या सेलच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून तो मुलांच्या हाती लागणार नाही अशा ठिकाणी ठेवावा आणि बॅटरी संकलन केंद्रात द्यावा. भारतात २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांत अशा लहान बॅटऱ्यांचाही समावेश आहे.

रिमोटचा पल्ला कमी होऊ लागणे किंवा डॅशबोर्डवर किल्लीच्या बॅटरीची सूचना दिसणे, ही सेल बदलण्याची वेळ आल्याची खूण असते. थंड प्रदेशांत सेलची शक्ती आणखी घटते. त्यामुळे प्रवासाला निघण्यापूर्वी सेल बदलावा आणि दोन्ही किल्ल्यांनी मोटार उघडते व सुरू होते, याची घरीच खात्री करून घ्यावी.