सुवर्णक्षेत्रावरील ‘गोल्ड कमिशनर’

सोने आणि बँक यांचे नाते जुने आहे. परंतु खाणीतून निघणाऱ्या सोन्यावर शासनाने नियंत्रण कसे ठेवावे, हा प्रश्नही तितकाच जुना आहे. एकोणिसाव्या शतकातील ऑस्ट्रेलियात ही जबाबदारी ‘गोल्ड कमिशनर’ या वसाहती अधिकाऱ्यावर होती. महसूल वसुलीशी संबंधित प्रत्येकाने त्याच्या कार्याचा परिचय करून घ्यावा, असा हा इतिहास आहे.

पदाची निर्मिती

1851 च्या प्रारंभी न्यू साउथ वेल्समध्ये एडवर्ड हारग्रेव्हज् यांना सोने आढळले आणि लोकांनी कामधंदा सोडून खाणींकडे धाव घेतली. भूगर्भातील सोने ब्रिटिश राजसत्तेच्या मालकीचे असल्याची घोषणा त्याच वर्षी मे महिन्यात शासनाने केली व उत्खननासाठी दरमहा 30 शिलिंगांचा परवाना सक्तीचा केला. शेजारच्या व्हिक्टोरिया वसाहतीतही सप्टेंबर 1851 पासून हीच पद्धत अमलात आली. तिच्या अंमलबजावणीसाठी गोल्ड कमिशनर नेमण्यात आले.

कार्यकक्षा

परवाने देणे, प्रत्येकाच्या खोदकामाची हद्द आखून देणे, हद्दीचे तंटे जागेवरच मिटवणे, ही त्यांची प्रमुख कामे होती. खोदकऱ्यांचे सोने पावती देऊन ताब्यात घेणे आणि सशस्त्र पहाऱ्यात मेलबर्नला रवाना करणे, हे कामही त्यांच्या छावणीतून चाले. बँक दूर असलेल्या त्या रानात ही पावती म्हणजे मोठाच आधार होता.

दोष कोठे होता?

दोष मुख्यतः शुल्काच्या रचनेत होता. सोने मिळो वा न मिळो, 30 शिलिंग भरावेच लागत. बॅलरॅट येथे सोन्याच्या थरापर्यंत पोहोचण्यासाठी शंभर फुटांहून खोल विवर खणावे लागे. त्यात अनेक महिने जात. शुल्क मात्र दरमहा द्यावे लागे. म्हणजेच कर उत्पन्नावर नव्हता, आशेवर होता! 1853 मध्ये बेंडिगो येथे विरोध झाल्यानंतर मासिक शुल्क एका पौंडावर आणले गेले. तत्त्व मात्र बदलले नाही.

परवाना जवळ नसल्यास पाच पौंड दंड होई आणि त्यातील निम्मा वाटा पोलिसांना मिळे. साहजिकच तपासणीला शिकारीचे स्वरूप आले. 1854 मध्ये तिजोरीतील तूट भरून काढण्यासाठी गव्हर्नर हॉथम यांनी आठवड्यातून दोनदा तपासणीचा आदेश दिला.

29 नोव्हेंबर 1854 रोजी बॅलरॅटच्या खोदकऱ्यांनी आपले परवाने जाहीररीत्या जाळले. तणाव शिगेला पोहोचला असतानाही कमिशनर रॉबर्ट रीड यांनी दुसऱ्याच दिवशी पुन्हा तपासणी केली. पीटर लेलर यांच्या नेतृत्वाखाली खोदकऱ्यांनी युरेका येथे लाकडी तटबंदी उभारली. 3 डिसेंबरच्या पहाटे सैन्याने तिच्यावर हल्ला केला. त्यात किमान 22 खोदकरी व काही सैनिक प्राणास मुकले.

सुधारणा

राजद्रोहाचा खटला चाललेले तेराही आरोपी 1855 मध्ये निर्दोष सुटले. चौकशी आयोगाच्या शिफारशींनुसार मासिक परवाना रद्द झाला. त्याऐवजी वर्षाला एक पौंडाचा ‘मायनर्स राइट’ आला. त्यात उत्खननाबरोबरच मतदानाचा हक्कही होता. महसुलासाठी सोन्यावर प्रति औंस अडीच शिलिंग निर्यात शुल्क बसवण्यात आले. ज्याला सोने मिळाले, त्याच्यावरच भार पडला. कमिशनरची जागा वॉर्डनने घेतली आणि स्थानिक नियम करण्याचे काम खोदकऱ्यांनी निवडलेल्या न्यायमंडळांकडे गेले. लेलर स्वतः त्याच वर्षी विधिमंडळात निवडून गेले.

उपसंहार

खोदकाम तेच होते आणि शासनही तेच होते. बदलली ती आकारणीची पद्धत व नियम करण्यातील सहभाग. शुल्क ठरवणारा मेलबर्नला होता. रोष ओढवला तो तंबूतील अधिकाऱ्यावर. नियम न्याय्य नसेल, तर केवळ कठोर अंमलबजावणीने वसुली वाढत नाही, विश्वास मात्र आटतो. सोन्याचा हिशेब पुन्हा जुळवता येतो. विश्वासाचा जुळवण्यासाठी व्हिक्टोरियाला फार मोठी किंमत मोजावी लागली.