मी मोठी झाले म्हणून?

दर गुरुवारी दुपारी स्वयंपाकघर आवरलं, की मी एका संस्थेत मुलांना गोष्टी सांगायला जाते. तिथली चिमी (नाव बदललं आहे) नऊ वर्षांची. पाळण्यातल्या बाळांची ती ताईच! एखादं बाळ दत्तक गेलं की संस्थेत औक्षण होतं, पेढे वाटतात. बाळाला तीट चिमीच लावते. गाडी फाटकाबाहेर गेली, की रिकाम्या पाळण्यातलं दुपटं घडी करून ठेवते. परवा घडी घालता घालता तिनं विचारलं, "मावशी, मी मोठी झाले म्हणून मला कुणी नेत नाही का गं?"

काय सांगणार? दत्तकासाठी तीन-तीन वर्षं थांबलेली जोडपी आपल्या ओळखीत असतात. पण त्यांना हवं असतं तान्हं बाळ. "मोठ्या मुलाला सगळं आठवतं, ते आपलं कसं होणार?" असं म्हणतात. मैत्रिणींनो, आपण सासरी आलो तेव्हा बावीस-चोवीस वर्षांच्या होतो. माहेर विसरलो का? तरी ते घर आपलं झालंच ना! वेळ लागला, रुसवेफुगवे झाले. इथंही होतील, आणि त्याची तयारी हवीच. घरी नेलेलं मूल परत आणून सोडणं हे तर न नेण्याहून वाईट.

अठरा पूर्ण झाली की मुलांना संस्था सोडावी लागते. त्यानंतर एकविसाव्या वर्षापर्यंत अनुरक्षणाची सोय कायद्यात आहे. पण दिवाळीला जायचं कुठं? ताप आला तर उशाशी कोण? पहिल्या बाळंतपणाला आई कुठली?

2022 च्या दत्तक नियमांनुसार आठ वर्षांवरच्या मुलासाठी पती-पत्नीच्या वयांची बेरीज 110 पर्यंत चालते. म्हणजे पन्नाशीतल्यांनाही दार उघडं आहे. एकटी स्त्रीसुद्धा दत्तक घेऊ शकते. हे मी महिला मंडळात अनेकदा सांगितलं. चिमीच्या प्रश्नानंतर मात्र घरी येऊन पहिल्यांदाच स्वतःची बेरीज केली. माझी 46, ह्यांची 50. शहाण्णव! मुलगा शिकायला बाहेरगावी, त्याची खोली रिकामी.

नोंदणी पोर्टलवरच करायची असते, त्यामुळे चिमीच आमच्याकडे येईल असं नाही. पण तिच्यासारखी कुणीतरी येईल. रविवारी मुलगा घरी येतोय. जेवणं झाली की दोघांपुढे विषय काढणार आहे. इतकी वर्षं दुसऱ्यांना सांगितलं, आता घरात बोलायचं म्हटलं तर छातीत धडधडतंय.