भारीट : रंग, सूर आणि नाव

बेळगाव-निपाणीच्या पट्ट्यात शाळूची कणसे भरू लागली, की त्यांवर पिवळ्या पोटाच्या पाखरांचे थवे उतरतात. गोफण फिरली की ती बांधावरच्या बाभळीचा आश्रय घेतात आणि राखणदार पाठमोरा होताच पुन्हा पिकात शिरतात. शेतकऱ्याच्या लेखी हा दाण्याचा चोर. परंतु त्या एकाच थव्यात दोन निराळ्या जाती असू शकतात. मराठीत दोहोंनाही भारीट म्हणतात. त्या ओळखाव्या कशा, हे आम्ही येथे सांगणार आहोत.

पहिली खूण रंगाची. काळ्या डोक्याच्या भारिटाच्या नराची पाठ तांबूस-तपकिरी व पोट पिवळेधमक असते. लाल डोक्याच्या नराचे मस्तक व छाती तांबूस, तर पाठ हिरवट व रेघाळ असते. मात्र हिवाळ्यात पिसांच्या फिकट कडांखाली हे रंग झाकोळलेले असतात. वसंताकडे त्या कडा झिजतात आणि मूळचा रंग उघडा पडतो. म्हणून डिसेंबरात संदिग्ध वाटणारा नर मार्चमध्ये स्पष्ट ओळखू येतो. माद्या मात्र दोन्ही जातींच्या मळकट. त्यांतील भेद जाणकारांनाही चकवितो.

मग सुराचा आधार घ्यावा काय? येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. गाणे हे मुख्यतः विणीच्या हंगामाचे असते, आणि यांची वीण आपल्याकडे होत नाही. काळ्या डोक्याचा भारीट बाल्कन प्रदेश, तुर्कस्तान व इराण येथे घरटी करतो. लाल डोक्याचा मध्य आशियात. आपल्या कानी पडतात ते बहुधा तुटक चिवचिवाटाचे बोल. परतीच्या सुमारास एखादा नर गाऊ लागला, तरी दोन्ही जातींची गाणी इतकी सारखी, की केवळ कानावर विसंबून निर्णय देता येत नाही. इराणात जेथे दोहोंचे प्रदेश भिडतात, तेथे त्यांचा संकरही होतो.

तेव्हा नराचे मस्तक व पाठ नीट दिसली, तरच जातीचे पूर्ण नाव लिहावे. मादीपुढे नुसते ‘भारीट’ लिहिणे अधिक प्रामाणिक. लोकभाषेने दोन जातींना एकच शब्द दिला, यात अज्ञानच पाहू नये. डोळ्यांना व कानांना जेवढे निश्चित कळते, तेवढेच तो शब्द सांगतो, आणि शास्त्रीय नोंदीची पहिली अटही तीच आहे.