समान झालं म्हणून थांबलं, असं नाही

आठवी-नववीच्या विज्ञानाच्या उत्तरपत्रिकांमध्ये एक वाक्य हमखास भेटतं: 'समपरासारी द्रावणात पेशीच्या आतलं आणि बाहेरचं पाण्याचं प्रमाण समान असतं, म्हणून पाण्याची ये-जा थांबते.' गाइडमध्ये तेच, क्लासच्या नोट्समध्ये तेच. मुलं ते घोकतात, लिहितात आणि पैकीच्या पैकी गुण घेऊन जातात. वाक्याचा पहिला अर्धा भाग बरोबर आहे. दुसरा साफ चूक.

थांबत काहीही नाही. पाण्याचे रेणू प्रद्रव्यपटलातून दोन्ही दिशांनी जातच असतात. आत शिरणारे आणि बाहेर पडणारे सारखेच असल्यामुळे पेशी फुगत नाही की आकसत नाही, एवढंच. संध्याकाळी दादरच्या पुलावर पश्चिमेकडून पूर्वेला आणि पूर्वेकडून पश्चिमेला सारखीच माणसं जात असतील, तर दोन्हीकडची गर्दी बदलणार नाही. पण पूल ओस पडला असं कोणी म्हणेल का? एनसीईआरटीच्या नववीच्या पुस्तकात 'दोन्ही दिशांनी' हे अनेक वर्षं स्पष्ट छापलेलं होतं. ते वाचतो कोण!

या चुकीच्या मुळाशी आणखी एक समजूत आहे: पाण्याला म्हणे समतोल 'साधायचा' असतो, आणि एकदा तो साधला की काम संपलं. रेणूला काहीही साधायचं नसतं. तो उष्णतेमुळे सैरावैरा धावतो आणि वाट मिळेल तिथून पलीकडे जातो. ज्या बाजूला मीठ किंवा साखर जास्त, त्या बाजूने पटल ओलांडणारे पाण्याचे रेणू कमी. उलट बाजूने येणारे जास्त. या दोन आकड्यांतला फरक म्हणजे परासरण. फरक शून्य झाला म्हणून आकडे शून्य होत नाहीत. ही वजाबाकी दुसरीतल्या पोराला येते.

'पण हे दिसतं कुठे?' असा प्रश्न एखादा चौकस विद्यार्थी विचारतोच, आणि विचारायलाच हवा. पाण्यात पाणी मिसळताना ओळखायचं कसं? त्यासाठी काही रेणूंवर खूण करावी लागते. 1957 मध्ये पॅगानेली आणि सॉलोमन या अमेरिकी संशोधकांनी ट्रिटियम, म्हणजे किरणोत्सारी हायड्रोजन, असलेलं पाणी वापरून माणसाच्या तांबड्या रक्तपेशींवर हे मोजलं. पेशी फुगत नव्हत्या, आकसत नव्हत्या. तरीही पाण्याची निम्मी अदलाबदल व्हायला लागलेला वेळ होता सुमारे 4 मिलिसेकंद. पापणी लवेपर्यंत पेशीतलं जवळजवळ सगळं पाणी बदलून झालेलं असतं. याला 'थांबलं' म्हणायचं?

मेदाच्या पटलातून पाणी इतक्या झपाट्याने जातं कसं, हे कोडं मात्र पुढे बरीच वर्षं राहिलं. पीटर अ‍ॅग्रे यांच्या गटाने 1992 मध्ये ते सोडवलं, तेही बेडकाच्या अंडपेशी वापरून. एका प्रथिनाचा संदेशवाहक आरएनए काही अंडपेशींमध्ये टोचला, काहींमध्ये टोचला नाही, आणि मग सगळ्या अवपरासारी द्रावणात सोडल्या. न टोचलेल्या जवळपास होत्या तशाच राहिल्या. टोचलेल्या काही मिनिटांत फुगून फुटल्या. ते प्रथिन म्हणजे अ‍ॅक्वापोरिन, फक्त पाण्यासाठीची अरुंद वाट. अ‍ॅग्रे यांना 2003 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. थोडं पाणी मेदातूनही झिरपतं. पण 'पाणी पटलातून गाळणीसारखं जातं' एवढ्यावर धडा आवरता घेणाऱ्यांनी निदान या प्रयोगाचा उल्लेख तरी करावा.

आता प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या प्रयोगाकडे. ऱ्हिओच्या पानाच्या खालच्या बाजूची जांभळी साल काढून काचपट्टीवर ठेवतात, वर मिठाच्या दाट द्रावणाचा थेंब टाकतात. सूक्ष्मदर्शकाखाली जांभळा भाग कोपऱ्यांपासून सुटत जातो आणि मधोमध गोळा होतो. पेशीभित्तिकेची चौकट जागच्या जागी उभी असते. हे रसाकुंचन. भित्तिका आणि आकसलेलं पटल यांच्यामधल्या जागेत काय असतं, असं विचारलं की उत्तर येतं: 'पोकळी' किंवा 'हवा'. अहो, तिथे बाहेरचं मिठाचं पाणीच असतं! भित्तिका पाण्याला अडवत नाही आणि मिठालाही नाही. कोणाला आत घ्यायचं हे पटल ठरवतं. भित्तिकेचं काम आधार देण्याचं आणि पेशी फुटू न देण्याचं. तांबड्या पेशीला अशी भित्तिका नाही, म्हणून शिरेतून नुसतं शुद्ध पाणी देता येत नाही. त्या पेशी फुटतील. सलाइनमध्ये लिटरला 9 ग्रॅम मीठ असतं ते याचसाठी.

बाकीचे गैरसमज थोडक्यात.

'प्राण्यांना तंतुकणिका, वनस्पतींना हरितलवकं.' वनस्पतींना दोन्ही असतात. जमिनीखालच्या मुळांच्या पेशींमध्ये हरितलवकं नसतात. मग त्या काय उपाशी राहतात?

'व्हिनेगरमध्ये कवच विरघळवलेल्या अंड्यावर दिसतं ते प्रद्रव्यपटल.' ते कवचाखालचं प्रथिनतंतूंचं आवरण आहे. परासरण दाखवायला प्रयोग झकास, पण अख्खं अंडं म्हणजे एक पेशी नव्हे.

'पटलातून काहीही न्यायचं तर ऊर्जा लागतेच.' विसरणाला आणि परासरणाला पेशी ऊर्जा खर्च करत नाही. कमी संहतीकडून जास्त संहतीकडे ढकलायचं असेल तेव्हाच करते.

'ओआरएसमधली साखर ताकदीसाठी.' ती प्रामुख्याने वाहतुकीसाठी असते. आतड्याच्या पेशींच्या पटलावरचं एक प्रथिन सोडियम आणि ग्लुकोज जोडीनेच आत घेतं आणि त्यांच्या पाठोपाठ पाणी शोषलं जातं. 1971 मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच मीठ-साखरेच्या पाण्यावर कॉलराचे असंख्य रुग्ण वाचवले. म्हणून 'जास्त गोड तेवढं चांगलं' हेही खोटं. साखर प्रमाणाबाहेर गेली की परासरणाने पाणी शरीरातून उलट आतड्यात येतं आणि जुलाब वाढतात. जागतिक आरोग्य संघटनेने 2002 मध्ये ओआरएसमधली साखर आणि मीठ कमीच केलं. एक लिटरचं पाकीट अर्ध्या लिटरमध्ये कालवलं, तर ते सगळं गणित बिघडतं.