आघातजन्य मनोविकार आणि मद्यासक्ती : चिकित्सेतील एक सावधानता

किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपासारख्या आपत्तीतून वाचलेला मनुष्य कधी भयस्वप्ने टाळण्यासाठी मद्याचा आश्रय घेतो. मद्य सुटताच स्मृती उसळते आणि तो पुन्हा मद्याकडे वळतो. म्हणून चरकोक्त उन्माद व मदात्यय (चिकित्सास्थान, अध्याय ९ व २४) यांचा विचार एकत्र व्हावा, असे आम्हांस वाटते.

दीर्घकाळचे मद्य एकाएकी बंद केल्यास आक्षेप व प्रलाप संभवतात. अशा रुग्णास प्रथम रुग्णालयात पाठवावे. प्रकृती स्थिरावताच शिरोधारा, अश्वगंधाचूर्ण योजावे. सारस्वतारिष्ट, अश्वगंधारिष्ट मात्र वर्ज्य समजावे. त्यांत संधानजन्य मद्यांश असतो. डायसल्फिराम घेणाऱ्यास तो अपायकारक ठरतो. सत्त्वावजय चिकित्सा भय व व्यसन या दोहोंसाठी, कुटुंबीयांच्या साह्याने, धीराने चालवावी.